परदेशी क्रिप्टो फंडात पैसे गुंतवले आहेत? आयकर रिटर्न कोणत्या क्रमाने भरायचे

रिटर्न भरण्याच्या हंगामात माझ्याकडे येणाऱ्या फायलींमध्ये एक चूक हमखास सापडते. अमेरिकेतल्या ब्रोकरकडे बिटकॉइन ईटीएफचे (शेअर बाजारात खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचे) शेअर असतात, किंवा केमन बेटांवर नोंदलेल्या एखाद्या डिजिटल मालमत्ता फंडात पैसे असतात. गुंतवणूकदार थेट पोर्टल उघडतो, जो रकाना समोर येईल त्यात आकडे टाकतो आणि शेवटी विचारतो, 'यावर ३० टक्के लागतात ना?' कधी लागतात, कधी लागत नाहीत. आपल्या हातात नेमके काय आहे, हे ठरवल्याशिवाय दराचा प्रश्न सुटत नाही. पोर्टलला हात लावायचा तो सगळ्यात शेवटी.

हा लेख भारतात राहणाऱ्या, पगारदार किंवा निवृत्त अशा वैयक्तिक गुंतवणूकदारासाठी आहे. उदाहरणे आर्थिक वर्ष २०२५-२६ ची, म्हणजे करनिर्धारण वर्ष २०२६-२७ ची आहेत. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आणि कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ च्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागतो, म्हणून इथे जुने क्रमांक दिले आहेत.

## टप्पा १: आपण 'निवासी' आहोत का?

परदेशी मालमत्तेचे शेड्यूल एफए (रिटर्नमधला तक्ता) फक्त 'निवासी आणि सामान्यतः निवासी' व्यक्तीला भरावे लागते. अनिवासी आणि 'निवासी पण सामान्यतः निवासी नाही' या दोघांना ते लागू नाही. त्यांचे परदेशातले उत्पन्नही भारतात साधारणपणे करपात्र नसते. भारतातून चालवलेल्या व्यवसायाचे उत्पन्न हा अपवाद.

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात दहा-बारा वर्षे काढून पुण्याला परतलेल्यांची गफलत इथे होते. मागच्या १० पैकी ९ वर्षे तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या ७ वर्षांत भारतातला मुक्काम ७२९ दिवसांपेक्षा जास्त नसेल, तर परतल्यावरही काही काळ तुम्ही 'सामान्यतः निवासी नाही' या गटात राहता. हा दर्जा संपतो ते वर्ष धोक्याचे. आदल्या वर्षी शेड्यूल एफए भरले नव्हते म्हणून यंदाही भरले जात नाही आणि अमेरिकेतली सगळी जुनी खाती नोंदीबाहेर राहतात.

तपासा: पासपोर्टवरच्या शिक्क्यांवरून मागच्या सात वर्षांतले भारतातले दिवस मोजून कागदावर लिहा. अंदाजाने ठरवू नका.

आणखी एक गोष्ट. उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत असले, तरी निवासी व्यक्तीकडे परदेशी मालमत्ता असेल तर रिटर्न भरणे बंधनकारक आहे. आयटीआर-१ आणि आयटीआर-४ हे फॉर्म अशा व्यक्तीला चालत नाहीत. पगारदाराने आयटीआर-२ घ्यावा आणि व्यवसाय असलेल्याने आयटीआर-३.

## टप्पा २: कागद गोळा करा

यादी लहान आहे, पण यातला एकही कागद सोडू नका.

१. ब्रोकरचे किंवा फंडाच्या प्रशासकाचे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ चे विवरण.
२. १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२६ या काळातल्या प्रत्येक खरेदी-विक्रीची यादी.
३. फंडाचे माहितीपत्रक. त्यातली कायदेशीर रचना सांगणारी पहिली काही पाने महत्त्वाची आहेत.
४. अमेरिकेत लाभांशावर कर कापला असेल तर ब्रोकरने दिलेला फॉर्म १०४२-एस.
५. एलआरएसखाली (रिझर्व्ह बँकेच्या परदेशात पैसे पाठवण्याच्या योजनेखाली) पैसे पाठवताना बँकेने दिलेली पावती आणि २६एएस या विभागाच्या करनोंदीच्या विवरणातली टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवताना बँकेने वसूल केलेल्या कराची नोंद.
६. स्टेट बँकेचे टीटी बाइंग रेट, म्हणजे बँक परकीय चलन विकत घेते ते दर. लागणाऱ्या प्रत्येक तारखेचा दर उतरवून ठेवा. मागाहून शोधताना फार वेळ जातो.

दोन वेगवेगळ्या वर्षांची विवरणे का लागतात, ते टप्पा ५ मध्ये सांगितले आहे. सध्या दोन्ही डाउनलोड करून ठेवा. काही ब्रोकर जुनी विवरणे ठरावीक काळानंतर काढून टाकतात.

## टप्पा ३: तुमच्या हातात नेमके काय आहे?

हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा थांबू. 'क्रिप्टो फंड' हे नाव आपण बोलताना वापरतो, कायदा ते वापरत नाही. कायद्याच्या दृष्टीने चार वेगवेगळ्या गोष्टी या एका नावाखाली येतात.

क. शेअर बाजारात नोंदलेला ईटीएफ. अमेरिकेच्या एसईसीने (तिथल्या शेअर बाजार नियामकाने) १० जानेवारी २०२४ ला बिटकॉइनच्या स्पॉट ईटीएफना, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन बाळगणाऱ्या फंडांना मंजुरी दिली. ब्लॅकरॉकचा आयबिट आणि फिडेलिटीचा एफबीटीसी हे त्यातले माहितीतले. इथर या नाण्याचे स्पॉट ईटीएफ २३ जुलै २०२४ पासून बाजारात आले. बिटकॉइन प्रत्यक्षात फंडाच्या तिजोरीत असतो आणि तुमच्याकडे ट्रस्टचे शेअर असतात.

ख. केमन, लक्झेंबर्ग किंवा ब्रिटिश व्हर्जिन बेटांवरचा खासगी फंड. हा कंपनी असेल तर तुमच्याकडे शेअर असतात, मर्यादित भागीदारी असेल तर भागीदारीतला हिस्सा. हा फरक माहितीपत्रकातच कळतो, फंडाच्या जाहिरातीत नाही.

ग. टोकन रूपातला फंड. यात फंडाचा हिस्साच ब्लॉकचेनवर टोकन म्हणून दिला जातो. ब्लॅकरॉकने मार्च २०२४ मध्ये इथेरियम या ब्लॉकचेनवर आणलेला बिडल हा असा फंड आहे. त्याच्या आत रोखे आणि रोकड आहे, क्रिप्टो नाही. तरी तुमच्या वॉलेटमध्ये येते ते टोकनच.

घ. परदेशी एक्स्चेंजवर थेट घेतलेली नाणी. हा फंड नाहीच, पण पुष्कळ जण याला 'माझा परदेशी फंड' म्हणतात.

घ हा प्रकार सरळ आहे. वित्त अधिनियम २०२२ ने कलम २(४७ए) आणून 'आभासी डिजिटल मालमत्ते'ची म्हणजे व्हीडीएची व्याख्या केली आणि कलम ११५बीबीएचने तिच्या हस्तांतरणावरच्या उत्पन्नाला सपाट ३० टक्के दर लावला. वर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. उत्पन्न मोठे असेल तर अधिभार वेगळा. खरेदीची किंमत सोडून दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. एका नाण्यातला तोटा दुसऱ्या नाण्यातल्या नफ्यातूनही वजा होत नाही, पुढच्या वर्षी नेता येत नाही आणि करमुक्त मर्यादेचा फायदाही मिळत नाही.

ग प्रकारात टोकन क्रिप्टोग्राफीतूनच तयार होते, त्यामुळे व्याख्येचे शब्द त्याला सरळ लागू पडतात. आत सरकारी रोखे असले तरी मी तो व्हीडीए धरून ३० टक्क्यांनी कर मोजतो. इथे हुशारी करू नये.

क आणि ख यांच्याबाबत दोन मते आहेत. पहिल्या मतानुसार, ईटीएफचा शेअर किंवा केमन कंपनीचा शेअर म्हणजे रोखे आहे. हिस्सा कायद्याने निर्माण झालेला आहे, क्रिप्टोग्राफीने नाही, म्हणून नेहमीचा भांडवली नफा. दुसरे मत व्याख्येतल्या 'किंवा अन्य प्रकारे' या शब्दांवर बोट ठेवते. 'क्रिप्टोग्राफीने किंवा अन्य प्रकारे निर्माण झालेली माहिती, कोड, क्रमांक किंवा टोकन' असे शब्द इतके रुंद आहेत की त्यात बरेच काही ओढता येईल. मला पहिले मत पटते. अन्य प्रकारे निर्माण झालेली असली तरी ती 'माहिती, कोड, क्रमांक किंवा टोकन' असावी लागते. कंपनीतला किंवा ट्रस्टमधला हक्क यांपैकी काहीच नसतो, तो डीमॅटमध्ये दिसतो एवढेच. पण रक्कम मोठी असेल तर सीएचे लेखी मत फाइलला लावा. आकडेमोड नंतरही दुरुस्त होते, पण रिटर्न भरताना हे मत का घेतले याचा पुरावा मागाहून तयार करता येत नाही.

सावध: वर्ष बघून मत बदलू नका. नफा झाला त्या वर्षी दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के दर मिळावा म्हणून शेअर म्हणायचे आणि तोटा झाला की गप्प बसायचे, किंवा तोटा भारतीय शेअरच्या नफ्यातून वजा करता यावा म्हणून मध्येच प्रकार बदलायचा, हे पहिल्याच नोटिशीत उघडे पडते. एकदा ठरवले की दरवर्षी तेच.

## टप्पा ४: नफा मोजा

क किंवा ख प्रकार भांडवली नफा म्हणून धरला आहे असे समजू.

परदेशी बाजारातला शेअर भारताच्या मान्यताप्राप्त शेअर बाजारात नोंदलेला नसतो, म्हणून मुदत २४ महिने. २४ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवून विकला तर दीर्घकालीन आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीला इंडेक्सेशनशिवाय (महागाईनुसार खरेदीची किंमत न वाढवता) १२.५ टक्के. त्याआधी विकला तर अल्पकालीन आणि तुमच्या स्लॅबनुसार कर. भारतीय शेअरसाठीची १२ महिन्यांची मुदत आणि सव्वा लाखाची सूट इथे नाही. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळी सांगावीशी वाटली.

आता एक उदाहरण, आकडे समजून घेण्यापुरते. १४ मार्च २०२४ ला १०० शेअर ४० डॉलरने घेतले. २० नोव्हेंबर २०२५ ला ५५ डॉलरने विकले. २० महिने झाले, म्हणजे अल्पकालीन. खरेदीच्या दिवशीचा टीटी बाइंग रेट ८२.५० रुपये आणि ३१ ऑक्टोबर २०२५ चा ८८ रुपये धरू.

नियम ११५ सांगतो की भांडवली नफ्यासाठी विक्री ज्या महिन्यात झाली त्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा दर घ्या. म्हणून ३१ ऑक्टोबर. विक्रीच्या दिवशीचा दर नाही, की बँकेने प्रत्यक्ष दिलेला दरही नाही.

पुढे व्यवहारात दोन वाटा दिसतात.

पहिली: नफा डॉलरमध्ये काढा आणि एकदाच रुपयांत आणा. १,५०० गुणिले ८८, म्हणजे १,३२,००० रुपये.

दुसरी: विक्री ८८ च्या दराने, खरेदी खरेदीच्या वेळच्या दराने. ४,८४,००० वजा ३,३०,०००, म्हणजे १,५४,००० रुपये.

फरक २२,००० रुपयांचा. नियमातले शब्द 'उत्पन्न' रुपयांत आणायला सांगतात, त्यामुळे पहिल्या वाटेला आधार आहे. अनेक सीए दुसरी वाट धरतात, कारण रुपयाची घसरण हाही गुंतवणूकदाराच्या हाती पडलेला नफाच आहे. मी दुसरी घेतो. कर थोडा जास्त बसतो, पण प्रश्न विचारायला कोणाला जागा राहत नाही. तुम्ही कोणतीही घ्या, मात्र दरवर्षी तीच घ्या आणि आकडेमोडीचा कागद जपा.

हेच शेअर १४ मार्च २०२६ नंतर विकले असते तर दर १२.५ टक्के झाला असता. विक्रीचे बटण दाबण्याआधी खरेदीची तारीख बघा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

वेगवेगळ्या वेळी थोडे थोडे शेअर घेतले असतील तर आधी घेतलेले आधी विकले असे धरा. ब्रोकरच्या विवरणात बहुधा हीच पद्धत असते.

ख प्रकारातल्या फंडासाठी खास इशारा. केमनमधले बरेच फंड दर महिन्याच्या गुंतवणुकीला वेगळी मालिका देतात आणि वर्षअखेर त्या मुख्य मालिकेत मिसळतात. शेअरची संख्या बदलते, दर बदलतो आणि गुंतवणूकदार नवीन तारखेलाच खरेदीची तारीख समजतो. मूळ रक्कम आणि मूळ तारीख पुढे नेणारा एक तक्ता स्वतः ठेवा. दुसरे, काही फंड पैसे परत करताना रोख न देता नाणीच देतात. तसे झाले तर फंडातला हिस्सा त्या दिवशी संपला, त्याचा हिशेब त्या दिवसाच्या किमतीने करायचा. हातात आलेली नाणी तिथून पुढे व्हीडीए.

फ्युचर्सवर (पुढच्या तारखेच्या सौद्यांवर) चालणारे ईटीएफ वेगळे बघावे लागतात. प्रोशेअर्सचा बिटो हा २०२१ पासूनचा फंड बिटकॉइन ठेवत नाही. तो शिकागोच्या बाजारातले फ्युचर्स घेतो, तारण म्हणून अमेरिकी ट्रेझरी बिले बाळगतो आणि वरचेवर पैसे वाटतो. ते वाटप म्हणजे लाभांश, 'इतर उत्पन्न' या शीर्षाखाली, स्लॅबने करपात्र. डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत असे ब्रोकरला सांगणारा) भरलेला असेल तर अमेरिकेत करारानुसार २५ टक्के कापले जातात. हातात आली ती रक्कम दाखवू नका, कापण्याआधीची पूर्ण रक्कम दाखवा. लाभांशाचे रुपये करताना तो जाहीर झाला, वाटला किंवा दिला त्या महिन्याच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशीचा दर घ्यायचा. शिवाय अशा फंडात ट्रेझरी बिलांचे प्रमाण ६५ टक्क्यांवर गेले तर कलम ५०एए लागते का, म्हणजे कितीही काळ ठेवले तरी अल्पकालीनच का, हा प्रश्न सीएला स्पष्ट विचारा.

## टप्पा ५: शेड्यूल एफए, कॅलेंडर वर्षाने

आता सगळ्यात जास्त चुकणारा भाग. उत्पन्न आर्थिक वर्षाने मोजायचे, पण शेड्यूल एफए कॅलेंडर वर्षाने भरायचे. करनिर्धारण वर्ष २०२६-२७ साठी १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५.

यातून अशा गोष्टी घडतात:

- फेब्रुवारी २०२६ मध्ये पहिल्यांदा घेतलेला फंड यंदाच्या एफएमध्ये येत नाही, तो पुढच्या वर्षी येईल.
- फेब्रुवारी २०२५ मध्ये विकलेल्या शेअरचा नफा मागच्या रिटर्नमध्ये गेला, पण विक्रीची रक्कम यंदाच्या एफएमध्ये दाखवायची आहे. 'कर भरला, विषय संपला' असे म्हणून हे हमखास सुटते.
- नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळे विकून टाकले आणि ३१ डिसेंबरला शिल्लक शून्य असली तरी नोंद करायचीच. वर्षात एक दिवस जरी मालकी होती, तरी नोंद लागते.

कोणता तक्ता?

ए२ मध्ये ब्रोकरकडचे खाते: संस्थेचे नाव, पत्ता, खाते क्रमांक, उघडल्याची तारीख, वर्षातली सर्वोच्च शिल्लक, ३१ डिसेंबरची शिल्लक, जमा झालेली एकूण रक्कम. ए३ मध्ये ईटीएफचे शेअर किंवा केमन कंपनीचे शेअर, प्रत्येक फंड आणि प्रत्येक खरेदी वेगळ्या ओळीत. मर्यादित भागीदारीतला हिस्सा बी मध्ये. थेट नाणी डी मध्ये, आणि ती परदेशी संस्थेच्या ताब्यातल्या खात्यात असतील तर ए२ मध्ये. ब्रोकरचे खाते ए२ मध्ये दाखवले म्हणजे शेअर ए३ मध्ये नकोत, असे काही जण म्हणतात. दोन तक्त्यांत विचारलेली माहिती वेगळी आहे, म्हणून मी दोन्ही भरतो. ईटीएफ कायद्याने ट्रस्ट असला तरी त्याला ट्रस्टच्या एफ तक्त्यात टाकायला जाऊ नका. तो तक्ता तुम्ही विश्वस्त, संस्थापक किंवा लाभार्थी असलेल्या कौटुंबिक ट्रस्टसारख्या रचनांसाठी आहे.

इथले दर टप्पा ४ मधल्या दरांपेक्षा वेगळे. सुरुवातीच्या किमतीला गुंतवणुकीच्या दिवसाचा टीटी बाइंग रेट, सर्वोच्च किमतीला त्या सर्वोच्च दिवसाचा, अखेरच्या किमतीला ३१ डिसेंबरचा.

आधीच्याच उदाहरणात: सुरुवातीची किंमत ३,३०,०००. वर्षात भाव ६२ डॉलरपर्यंत गेला आणि त्या दिवशी दर ८८ होता असे धरले तर सर्वोच्च किंमत ५,४५,६००. शेअर विकून टाकले म्हणून ए३ मधली अखेरची किंमत शून्य. पण विक्रीचे ५,५०० डॉलर ३१ डिसेंबरला ब्रोकरच्या खात्यातच पडून होते, तर ए२ मध्ये ती शिल्लक दिसली पाहिजे. हे दोन तक्ते एकमेकांशी जुळतात का, ते बघा.

तपासा: पत्नीच्या नावे खाते आणि पैसे नवऱ्याचे असतील तर उत्पन्न कलम ६४ खाली नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवले जाते. पण एफए मालकाच्या, म्हणजे पत्नीच्या रिटर्नमध्येही लागते. तिचे स्वतःचे उत्पन्न नसले तरी.

## टप्पा ६: एफएसआय, टीआर आणि फॉर्म ६७

परदेशातले उत्पन्न नेहमीच्या शेड्यूलमध्ये तर दाखवायचेच: नफा शेड्यूल सीजीमध्ये, लाभांश ओएसमध्ये, नाणी किंवा टोकन व्हीडीएमध्ये. शिवाय तेच उत्पन्न शेड्यूल एफएसआयमध्ये देशानुसार पुन्हा दाखवायचे. हे दुप्पट मोजणे नाही, ती फक्त माहिती आहे. करक्रमांकाच्या रकान्यात त्या देशाचा क्रमांक मिळालेला नसेल तर पासपोर्ट क्रमांक लिहा.

परदेशात कर कापला गेला असेल तरच शेड्यूल टीआर आणि फॉर्म ६७, म्हणजे त्या कराची भारतात सवलत मागण्याचे कागद. भारतात राहणाऱ्याने अमेरिकी ईटीएफ विकला तर नफ्यावर अमेरिका साधारणपणे कर घेत नाही आणि आयबिटसारखे स्पॉट फंड लाभांशही देत नाहीत. अशा वेळी फॉर्म ६७ ची गरज नाही. केमनमध्ये असा करच नाही आणि भारताचा केमनशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करारही नाही, फक्त माहिती देवाणघेवाणीचा आहे. तिथून सवलत मागायला काही उरत नाही.

बिटोसारख्या फंडाच्या लाभांशावर कर कापला असेल तर १०४२-एस जोडून फॉर्म ६७ भरा. करनिर्धारण वर्ष संपेपर्यंत तो भरता येतो, पण रिटर्नच्या आधी भरा. उलट क्रमाने भरल्यावर सवलत नाकारल्याची नोटीस येते आणि मग पत्रव्यवहारात महिने जातात.

## टप्पा ७: आगाऊ कर आणि टीसीएस

परदेशी ब्रोकर तुमच्यासाठी भारतात टीडीएस कापत नाही. टीडीएस नाही म्हणजे कर नाही, असा अर्थ काढू नका. देय कर १०,००० रुपयांवर जात असेल तर (व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या, ६० वर्षांवरच्या निवासी व्यक्तीला सोडून) १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च या हप्त्यांनी आगाऊ कर भरायचा. भांडवली नफा अचानक झाला तर त्यानंतरच्या हप्त्यांत भरला तरी आधीच्या हप्त्यांचे व्याज लागत नाही. उदाहरणातली विक्री २० नोव्हेंबरची, म्हणून त्यावरच्या कराची सुरुवात १५ डिसेंबरच्या हप्त्यापासून.

एलआरएसखाली वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. १ एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक गुंतवणुकीसाठी २० टक्के टीसीएस घेते. हा कर तुमचाच आहे, तो कापून खर्ची पडलेला नाही. शेड्यूल टीसीएसमध्ये दाखवा आणि एकूण करात वजा करा, जास्त असेल तर परतावा मिळतो. पगारदाराने मालकाला फॉर्म १२बीएए देऊन पगारातला टीडीएस आधीच कमी करून घ्यावा.

सावध: नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर शून्य, हे ऐकून दीर्घकालीन नफ्यावरचे १२.५ टक्के सोडू नका. कलम ८७एची सवलत विशेष दराच्या उत्पन्नाला मिळत नाही.

## टप्पा ८: पोर्टलवर भरताना आणि पाठवण्याआधी

आता पोर्टल उघडा. क्रम असा: आधी एफए, मग सीजी, ओएस किंवा व्हीडीए, मग एफएसआय, मग टीआर, शेवटी टीसीएस आणि भरलेला कर. एफए आधी भरले की कोणता फंड उत्पन्नात राहून गेला, हे आपोआप कळते.

पाठवण्याआधी चार गोष्टी ताडून बघा.

१. एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि २६एएसमधल्या टीसीएसच्या रकमेइतकी गुंतवणूक एफएमध्ये कुठेतरी दिसते का? विभागाला तुम्ही पैसे पाठवल्याचे आधीच माहीत आहे.
२. सीजीमधली विक्री आणि एफएमधली विक्री यांतला फरक फक्त वर्षाच्या फरकाने समजावता येतो का?
३. एफएमधल्या 'उत्पन्न कोणत्या शेड्यूलमध्ये दाखवले' या रकान्यात बरोबर शेड्यूल आहे का?
४. एकूण उत्पन्न १ कोटीच्या वर असेल तर शेड्यूल एएलही (मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता) भरले का?

तोटा झाला असेल तर मुदत चुकवू नका. भांडवली तोटा ८ वर्षे पुढे नेता येतो, पण रिटर्न वेळेत भरले तरच. अल्पकालीन तोटा भारतीय शेअरच्या नफ्यातूनही वजा होतो, दीर्घकालीन तोटा फक्त दीर्घकालीन नफ्यातून.

## टप्पा ९: मागच्या वर्षी राहून गेले असेल तर

काळा पैसा कायदा २०१५ च्या कलम ४३ खाली परदेशी मालमत्ता न दाखवल्याबद्दल १० लाख रुपये दंड आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून एकूण परदेशी मालमत्ता २० लाखांपर्यंत असेल तर हा दंड लागत नाही. याचा अर्थ नोंद करायची नाही असा नाही. नोंद पहिल्या डॉलरपासून लागते, सूट फक्त दंडाला आहे. आणि २० लाखांची मर्यादा सगळ्या मालमत्तांची मिळून आहे, एका फंडाची नाही.

चूक लक्षात आली की लगेच सुधारित रिटर्न भरा, त्याची मुदत उलटू देऊ नका. ती वेळ गेल्यावर चार वर्षांपर्यंत आयटीआर-यू (अद्ययावत रिटर्न) असतो आणि त्यात उशिराप्रमाणे २५ ते ७० टक्के जादा कर बसतो. पण तो जादा उत्पन्न दाखवण्यासाठी आहे. उत्पन्न काहीच नव्हते, फक्त एफए राहिले, अशा माणसाला तो उपयोगी पडत नाही. शिवाय काळा पैसा कायद्याखालची माहिती अधिकाऱ्याकडे आलेली असून त्याने ती तुम्हाला कळवली असेल, तर आयटीआर-यूचा रस्ता बंद होतो. म्हणून नोटीस येण्याची वाट बघत बसणे हा सगळ्यात महाग पर्याय.

केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशी खात्यांची माहिती आलेल्यांना संदेश आणि ईमेल पाठवले. त्यानंतर २४,६७८ जणांनी आपली रिटर्न्स पुन्हा तपासली आणि २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता दाखवली गेली. तो संदेश म्हणजे नोटीस नव्हे. तो आला असेल तर घाबरून जाऊ नका, पण त्या आठवड्यातच टप्पा २ ची कागदपत्रे काढा. २०२७ पासून क्रिप्टो व्यवहारांच्या माहितीची देशादेशांत देवाणघेवाण सुरू करण्याचे भारताने मान्य केले आहे, त्यामुळे आजवर ब्रोकरच्या खात्यापुरती येणारी माहिती यापुढे एक्स्चेंजवरच्या नाण्यांचीही येईल.

आकडेमोडीचे कागद, दरांची यादी आणि प्रकार ठरवतानाचे सीएचे मत एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि खाते बंद केले तरी ती फाइल फेकू नका. काळा पैसा कायद्याखाली परदेशी मालमत्ता ज्या वर्षी विभागाच्या लक्षात येते त्या वर्षी तिचा विचार होतो, तुम्ही ती घेतली त्या वर्षी नाही.